भाडेकरू निवडताना तुम्ही नक्की काय बघता? (वन बीएचके, पुणे)

मृद्गंध
नमस्कार मंडळी. वडगाव बुद्रुकला आईच्या नावावर वन बीएचके आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी दोन्ही वेळ (आमच्या भागात हे आधी सांगावं लागतं). आधीचं कुटुंब बरीच वर्षं राहिलं, आता त्यांनी स्वतःचं घर घेतलं. इतकी वर्षं बाबा सगळं बघायचे, आता ते नाहीत. आईला पेन्शन नाही, या भाड्यावरच तिचा घरखर्च चालतो. दोन महिने भाडं थकलं तर तिला माझ्याकडे मागावं लागेल, आणि ती मागणार नाही, म्हणून जिवाला घोर आहे.

भाडं १६,०००, डिपॉझिट ५०,०००. चार जण इच्छुक आहेत.
पहिले: हिंजवडीला नोकरी करणारी दोन मुलं. एजंट म्हणतो हेच घ्या, १८,००० देतील.
दुसरे: नवरा-बायको आणि पाच वर्षांची मुलगी. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे सॅलरी स्लिप नाही.
तिसरी: एका हॉस्पिटलात नर्स, एकटी राहणार. गावाहून आई अधूनमधून येईल.
चौथे: फोनवरच बोलणं झालं. लष्करात आहेत म्हणे, बदली होऊन येतायत, घर न बघता आजच डिपॉझिट पाठवायला तयार आहेत.

आईचा कौल कुटुंबाला, सेक्रेटरींचा "बॅचलर नकोत", एजंटचा मुलांना. मला कोणाचंच पूर्ण पटत नाही. कागद कोणते मागायचे, काय विचारायचं आणि कुठे थांबायचं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

पेठेतला
चौथ्याला आधी ब्लॉक करा. बाकीचं मग बोलू.

खडकवासला_चौपाटी
पेठेतला यांना दुजोरा. ही फसवणूक घरमालकांचीच होते, म्हणून नीट लिहितो. जाहिरात टाकली की तासाभरात फोन येतो. माणूस लष्कर किंवा सीआयएसएफचं नाव सांगतो, ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवतो. घर बघायची गरज नाही, भाव करत नाही. मग म्हणतो, "आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही एक रुपया पाठवा, दुप्पट परत येईल." ते खरंच येतात. विश्वास बसला की मोठ्या रकमेचा क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करायला लावतो.

पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. आईलाही हे सांगून ठेवा, जाहिरातीत तिचा नंबर असेल तर फोन तिलाच येणार. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागायची शक्यता कमी.

मृद्गंध
अंगावर काटा आला. कॅन्टीन कार्डाचा फोटो सकाळीच आला होता, आणि "आमचे अकाउंटंट फोन करतील" असंही. ब्लॉक केलं. आईशी बोलले. धन्यवाद!

गोदाकाठ
कोणालाही घ्या, पण करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नका. आमच्या काकांनी नाशिकला ओळखीतल्या माणसाला फ्लॅट दिला, नोटरीच्या कागदावर. माणूस सज्जन, सणाला मिठाई आणायचा. धंदा बुडाला आणि भाडं थांबलं. काकांनी घर मागितलं तर म्हणाला, भाडं ठरलंच होतं निम्मं आणि मुदत पाच वर्षांची बोललो होतो. काका कागद दाखवायचे आणि वकील मान हलवायचे. शेवटी पदरचे पैसे देऊन त्याला बाहेर काढलं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यापायी लांबलं, याचा राग घरात अजून आहे.

जुनी_वाट
पण अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही ना? म्हणून तर सगळे अकरा महिने करतात.

कलमदान
वकिली करतो म्हणून सविस्तर उत्तर देतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे.

अकरा महिन्यांची सूट केंद्राच्या नोंदणी कायद्यातली आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो पाच महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जास्त झोंबणारी गोष्ट म्हणजे नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, आणि ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. गोदाकाठ यांच्या काकांचं नेमकं हेच झालं.

नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला द्यायचा करार) फायदा कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर दिवाणी दावा लावत बसायची गरज नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानतात. मुदत संपल्यानंतर जितके दिवस बसून राहील तितक्या दिवसांची भरपाई करारातल्या दराच्या दुप्पट.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून मिळवतात. तुमच्या १६,००० आणि ५०,००० च्या हिशोबाने अकरा महिन्यांचे पाचशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर संगणकीय हाताळणीचे थोडे आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. भरवशाच्या माणसाकडून करून घ्या आणि मसुदा आदल्या रात्री शांतपणे वाचा. बहुतेक लोक अंगठा देताना पहिल्यांदा वाचतात.

जुनी_वाट
धन्यवाद वकीलसाहेब. माझा सध्याचा करार नोटरीचाच आहे. रविवारी भाडेकरूंशी बोलतो.

आकडेमोड
आता पैशाचं. मी बँकेत कर्ज विभागात होतो, तीच सवय घराला लावतो. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत हवं. १६,००० साठी ४८,००० ते ५०,०००. नोकरदाराकडून तीन महिन्यांच्या स्लिपा आणि पगार जमा होतो त्या खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट. स्लिप कोणीही छापतो, म्हणून स्टेटमेंट महत्त्वाचं. त्यातही शिल्लक बघत नाही, तारखा बघतो. भाडं दर महिन्याला कधी गेलंय? कर्जाचे हप्ते परत फिरलेत का? सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) मागितला तर चालतो, पण नव्या नोकरीतल्या पोरांचा स्कोअरच नसतो, त्यावरून त्यांना नाकारू नका.

दुकानदाराकडे स्लिप नसते म्हणून मालक-एजंट घाबरतात. घाबरू नका. गुमास्ता (दुकानाच्या सरकारी नोंदीचा कागद), असेल तर आयकर विवरणपत्र, आणि यूपीआयवर रोजची जमा. मोबाइल दुरुस्तीवाल्याची जमा दोनशे-तीनशेच्या तुकड्यांत दिसेल, पण रोज दिसेल. दुकान स्वतः जाऊन बघा, काचेला कव्हर लावून घ्या, तेवढ्यात दुकान चालतंय की नाही ते कळतं.

हिरवी_मिरची
आकडेमोड यांच्या शेवटच्या मुद्द्याला पाठिंबा. आमच्या चिंचवडच्या खोल्यांत आजवरच्या सगळ्यात चांगल्या भाडेकरू म्हणजे डबे करणाऱ्या एक मावशी. कागद म्हणाल तर फक्त आधार आणि पासबुक. एजंट त्यांना दारातही उभं करत नव्हता. पाच तारीख कधी चुकली नाही, ओटा आमच्या स्वयंपाकघरापेक्षा लख्ख, आणि जाताना गॅसजवळच्या तेलकट टाइल्स स्वतः सोड्याने घासून गेल्या.

पेठेतला
डबा अजून मिळतो का? नंबर द्या.

हिरवी_मिरची
आता सूनबाई सांभाळतात, पुरणपोळीची ऑर्डर दोन दिवस आधी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते :)

दादर_फास्ट
कागदांपेक्षा मी जुन्या मालकाच्या फोनवर जास्त विसंबतो. पण सध्याच्या मालकाचं पूर्ण खरं मानू नका. त्रासदायक माणूस जावा म्हणून तो तोंड भरून कौतुक करतो. त्याच्या आधीच्या मालकाला विचारा, त्याला आता काही मिळवायचं नसतं. आणि दिलेला नंबर खरोखर मालकाचाच आहे का हे तपासा, कधी मित्राचा निघतो. मागच्या कराराची प्रत मागायची, त्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असतो. मग फोनवर सहज विचारायचं, "पार्किंग मिळालं होतं का त्यांना? कितव्या मजल्यावर होते?" खरा मालक पटकन सांगतो, वर लिफ्टची तक्रारही ऐकवतो. तोतया अडखळतो.

विचारायचे प्रश्न तीनच. भाडं वेळेवर द्यायचे का, घर सोडताना डिपॉझिटवरून काही झालं का, आणि पुन्हा द्याल का त्यांना घर? तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प राहायचं. उत्तर यायला वेळ लागला तर समजून घ्यायचं.

तळजाई_टेकडी
मी एक पायरी पुढे जातो. टोकनचा चेक घ्यायला त्यांच्या सध्याच्या घरी जातो. पाच मिनिटं बसलं की घर कसं ठेवतात ते दिसतं. भिंतींना ओल धरलीय आणि खिडक्या कायम बंद, की सगळं नीट? आपल्या घराचं तेच होणार आहे.

बॅचलर_मंडळ
माफ करा तळजाईकाका, हे नाही पटलं. मी गेली अनेक वर्षं भाड्याने राहतोय. पगार, कंपनी, आधीचा मालक, सगळं सांगेन. पण माझं घर बघायला येणार म्हणजे माझी परीक्षा घेणार. आणि ओल तर बऱ्याचदा मालकाने गळती दुरुस्त न केल्यामुळे असते! आमच्या बाथरूमची गळती सांगून थकलो, भिंतीला बुरशी धरली, तुम्ही आला असतात तर आम्हालाच नापास केलं असतंत.

तळजाई_टेकडी
गळतीचा मुद्दा मान्य, तो विचार केला नव्हता. पण माझी आयुष्यभराची कमाई त्या घरात आहे, एवढं बघावंसं वाटणारच.

बॅचलर_मंडळ
वाटणं समजतो. आमची बाजूही लिहितो, कारण मृद्गंधताईंनी "कुठे थांबायचं" असं विचारलंय. लग्न कधी करणार, मैत्रिणी येतात का, बाटली चालते का, असं मला एजंटसमोर विचारलेलं आहे. ती कंपनी सोडून इकडे का आलो, हे कोणी विचारलं नाही, आणि भाड्यासाठी तोच प्रश्न कामाचा होता. दोन मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की करा: राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवं. एकाच्या नावावर करार आणि पुढच्या महिन्यात गाद्या पाच, असं आमच्यातले काही करतात, आणि मग बदनाम सगळे होतात.

कासपठार
बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, आज लिहिते. मी मूळची साताऱ्याची, पुण्यात शिक्षिका. नवरा बँकेत. दोघांच्या स्लिपा, आधीच्या मालकाचं पत्र, सगळं फाइलमध्ये लावून घर बघायला जातो. एजंट फोनवर भाडं सांगतो, पाण्याची वेळ सांगतो, आणि मग विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की घर कालच गेलेलं असतं. मी मराठी शाळेत शिकले, वर्गात मोरोपंतांच्या आर्या पाठ करून घेते. ती फाइल कोणी उघडून बघितली तर मला नाकारायला त्यात कारण सापडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण उघडतच नाहीत.

मागच्या घराच्या मालकीणबाईंनी उघडली होती. स्टेटमेंट बघून म्हणाल्या, "भाडं तीन तारखेला जातंय तुमचं, मला पाच चालेल." झालं. त्या घरात आम्ही मुलगी मोठी केली.

मृद्गंध, तुम्ही चौघांची फाइल उघडताय, बरं वाटलं.

घरमालक_बिबवेवाडी
ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण घर माझं आहे. कोणाला द्यायचं हे मी ठरवणार. सोसायटीत मला तोंड द्यावं लागतं, उद्या काही झालं तर सगळे मलाच विचारतात.

हिरवी_मिरची
घर तुमचं आहेच. पण "काही झालं" म्हणजे काय होतं ते सांगा ना. भाडं थकतं, भिंत खराब होते, मुदतीत सोडत नाहीत. या तिन्हींत आडनावाचा काय संबंध? आमच्या एका खोलीचं भाडं बुडवून गेला तो आमच्याच गावचा, आमच्याच भावकीतला.

घरमालक_बिबवेवाडी
भावकीतला असेल तर वसूल करणं आणखी अवघड, हे मात्र खरं.

कलमदान
यात भर घालतो. सोसायटी तोंड वर करून विचारते म्हणून मालक घाबरतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावली) घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. आणि नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते) १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. काही सोसायट्या बॅचलर म्हणून दुप्पट लावतात, त्याला आधार नाही.

सभासद_क्रमांक_अकरा
आमच्या सेक्रेटरींनी भाडेकरूच्या फॉर्ममध्ये "पाळीव प्राणी असल्यास त्याचा आहार" असा रकाना ठेवलाय. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यात लिहिलं, "मांजर. सोवळ्यात आहे." 😀

खडकवासला_चौपाटी
😂 😂

एडिसनहून
थोडं अवांतर. ठाण्याला घर आहे, आम्ही न्यू जर्सीत. भावाच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी केली आहे, भेटीगाठी तोच घेतो, मी फक्त व्हिडिओ कॉलवर बोलते. परदेशात राहणाऱ्या मालकांनी भाडेकरू निवडताना एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने टीडीएस (भाड्यातूनच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो, ३० टक्के अधिक उपकर धरून ३१.२ टक्के. पुष्कळ भाडेकरूंना हे माहीत नसतं आणि नंतर त्यांच्यावरच बालंट येतं. आम्ही पहिल्याच कॉलला सांगतो. काही जण नको म्हणतात, ते परवडलं.

आकडेमोड
बरोबर. आणि मृद्गंध यांच्या आई भारतातच आहेत आणि भाडं महिन्याला ५०,००० च्या आत आहे, म्हणून त्यांना हा प्रश्न नाही. भाडं आईच्याच खात्यात घ्या, ऑनलाइन. डिपॉझिटही खात्यातच, रोख नको.

जुनी_वाट
पोलीस व्हेरिफिकेशन केलं की बाकी काळजी मिटते ना?

कलमदान
नाही. आपण करतो ती पोलिसांना माहिती देणं असतं, हल्ली ऑनलाइन होतं. आयुक्तांचा आदेश लागू असताना माहिती दिली नाही तर मालकावर गुन्हा नोंदतात. पूर्वी भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम १८८ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. म्हणून ते करायचंच. पण फॉर्म भरल्याची पावती म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. भाडं देईल की नाही हे तर पोलीस सांगूच शकत नाहीत. आणि भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती सरकारला २४ तासांत कळवावी लागते, विद्यार्थ्यांना खोल्या देणारे हे विसरतात.

बॅचलर_मंडळ
आधारच्या झेरॉक्सबद्दलही कोणी बोला. एका घरासाठी चार एजंटांकडे माझं आधार-पॅन पडून आहे, घर एकाचंही मिळालं नाही.

दादर_फास्ट
योग्य तक्रार. घर बघायला आलेल्या माणसाकडून प्रत घेऊच नये, मूळ कार्ड बघून परत द्यावं. निवड झाल्यावर मास्क केलेलं आधार चालतं, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. कार्ड खरं आहे का हे आधारच्या अॅपने क्यूआर स्कॅन करून जागच्या जागी कळतं. नाव-फोटो जुळला की झालं. ज्यांना घर दिलं नाही त्यांचे कागद व्हॉट्सअॅपवरून पुसून टाका, आणि तसं त्यांना कळवा.

मृद्गंध
हा धागा प्रिंट काढून आईला वाचून दाखवला. (मांजर सोवळ्यात आहे, यावर ती फार हसली.) तुम्ही सांगितलंत तसं केलं, म्हणून इथे लिहिणं माझं कर्तव्य आहे.

मुलं: दोघांचे पगार उत्तम. प्रत्येकाचं नाव करारात घालू म्हटल्यावर कळलं की तिसरा "काही दिवस" राहणार आहे आणि त्याचं नाव नको. एजंटला हे माहीत होतं. नाही म्हटलं.

दुकानवाले: दुकानात जाऊन आले. फोनची स्क्रीन काढून आतली धूळ ब्रशने पुसताना तो एका आजोबांना समजावत होता की बॅटरी बदलायची गरज नाही, चार्जरच खराब आहे, दीडशेत काम होईल. दीड हजार घेऊ शकला असता. आधीच्या मालकांनी तिसऱ्या प्रश्नाला क्षणभरही न थांबता "कधीही देईन" म्हटलं. पण दुकानवाल्यांच्या वडिलांना जिना चढता येत नाही आणि तेही सहा महिन्यांत राहायला येणार आहेत. दुसरा मजला त्यांनाच अवघड वाटला.

नर्स: घर बघायला आली तेव्हा तिने माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. तिन्ही नळ सोडून बघितले, गीझर लावून पाच मिनिटं थांबली, लाइट बिल कोणाच्या नावावर आहे ते विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "करार रजिस्टर करणार ना? मला पत्त्याचा पुरावा लागतो आणि हॉस्पिटलात घरभाडं दाखवायचंय." पगारातून तृतीयांशापेक्षा किंचित जास्त जातं, पण स्टेटमेंटमध्ये भाडं दर महिन्याला दोन तारखेला आणि गावी आईला पैसे तीन तारखेला, एकदाही चुकलेलं नाही. आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "तिला सोडायला मला जड जातंय, मुलाचं लग्न ठरलं म्हणून घर हवंय."

आईने आता नर्सच्या बाजूने कौल दिला. सेक्रेटरी म्हणतात, रात्री उशिरा येणं-जाणं होईल, लोक बोलतील.

कासपठार
रात्रपाळीत ती कोणाच्या तरी आईला सलाइन लावत असेल. सेक्रेटरींना तेवढं सांगा.

घरमालक_बिबवेवाडी
सेक्रेटरींना ड्यूटीचा तक्ता दाखवायची गरज नाही. वॉचमनला नाव आणि फोटो द्या, रात्री गेट उघडायला सांगा. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन नर्स राहतात. माझ्या छातीत कळ आली त्या रात्री आधी त्याच धावल्या होत्या.

सभासद_क्रमांक_अकरा
मृद्गंध, धायरीत माझ्या भावाचा तळमजल्यावरचा वन बीएचके पुढच्या महिन्यात रिकामा होतोय, भाडं तुमच्याच आसपास. दुकानवाल्यांना चालेल का? त्यांना विचारून मगच नंबर द्या.

मृद्गंध
अरे वा! आजच विचारते. वडिलांसाठी तळमजलाच हवा होता त्यांना.

एडिसनहून
एजंटचं काय? तिसऱ्या मुलाचं लपवलं, तरी दलाली मागेल.

मृद्गंध
नर्सने जाहिरात बघून थेट फोन केला होता, त्यामुळे त्याचा संबंध नाही. मुलांच्या बाबतीत त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळी घर त्याच्याकडे देणार नाही.

तळजाई_टेकडी
एक राहिलंच. घर ताब्यात देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, बेसिनखाली वाकून. पंखे किती, दिवे किती, गीझरची अवस्था, सगळं करारामागच्या यादीत लिहा आणि दोघींच्या सह्या घ्या. बाथरूमची गळती असेल तर आधी प्लंबर बोलवा. (बॅचलर मंडळ, हे तुमच्यामुळे.)

बॅचलर_मंडळ
काका 🙏

कलमदान
आणि मुदत अकरा महिनेच ठेवायची सक्ती नाही. एकाच करारात ६० महिन्यांपर्यंत जाता येतं. माणूस पटला असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, दरवर्षी किती टक्के वाढ ते आत्ताच लिहा, दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस ठेवा. दरवर्षीचा नोंदणीचा खर्च आणि धावपळ वाचते, आणि तिलाही दर अकरा महिन्यांनी धाकधूक नको. मात्र अंगठे होऊन नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच किल्ली द्या. सामान आधी ठेवू का, असं कोणी कितीही गोड विचारलं तरी.

मृद्गंध
२४ महिने, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ, असं तिच्याशी बोलून ठरवलं. गुरुवारी अंगठे घ्यायला माणूस येतोय. बेसिनखाली थोडं पाणी झिरपतंय, प्लंबर उद्या येतो. मसुदा आज रात्री वाचायला घेते, काही अडलं तर इथेच विचारीन.

दादर_फास्ट
लाइटच्या मीटरचा फोटो विसरू नका, रीडिंग वाचता येईल असा, आणि तो तिलाही पाठवा.